हाकेला ओ देणारी पेटी

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी अलीकडे आम्हांला एक प्रश्न विचारला आहे आणि तो विचारताना त्यांच्या स्वरात थोडी नाराजीही होती. प्रश्न असा : फादर, तुम्ही प्रवचनातून दूरदर्शनवर बोललात, मोबाइलवर बोललात, ते आम्ही ऐकून घेतले. पण हाक मारली की उत्तर देणाऱ्या त्या लहानशा पेटीवरही तुमचा राग का? ती गाणी लावते, दिवे लावते, पहाटेचा गजर लावते, मुलांना पाढे म्हणून दाखवते आणि सांगाल तेव्हा रोझरीही म्हणते. यात पाप कोठे आले?

यंत्रात पाप नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. ज्याला इच्छा नाही त्याला पापही नाही. आमचे म्हणणे यंत्राविषयी नसून घराविषयी आहे. घरात हाक कोणी मारायची, ओ कोणी द्यायची आणि त्या दोघांमधले बोलणे कोणाच्या कानी जायचे, या तीन गोष्टी कुटुंबाने आपल्या हातांत ठेवाव्यात असे आम्हांला वाटते. या पेटीने त्या तिन्ही आपल्या हातांतून काढून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि तेही आपल्याच परवानगीने, आपल्याच पैशांनी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले. त्या ख्रिस्तसभेच्या दिवाणखान्यात कोण येऊन बसले आहे, हे विचारण्याचा अधिकार धर्मगुरूला नसेल तर कोणाला आहे?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ॲपल कंपनीने २०११ साली आपल्या फोनमध्ये 'सिरी' आणली. ॲमेझॉनने २०१४ साली 'अलेक्सा' नावाची बोलकी पेटी अमेरिकेत विकायला काढली. ती आपल्या देशात २०१७ साली आली. गूगलची सहायिका २०१८ साली मराठी बोलू लागली आणि अलेक्सा २०१९ साली हिंदी. म्हणजे आपल्या सातारा-सांगलीच्या बाजूला हे सारे लोण पोहोचायला दहा वर्षेसुद्धा लागली नाहीत. ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये तीच सहायिका बसलेली आहे, त्यामुळे 'हे श्रीमंतांचे खूळ आहे' असे म्हणून कोणी स्वस्थ बसू नये.

पेटीत बारीक ध्वनिग्राहक असतात आणि ते रात्रंदिवस उघडे असतात. आपले नाव कानी पडते का, हे ती आतल्या आत सतत तपासत असते. नाव ऐकू आले की पुढचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकांकडे जाते. तेथे त्याचा अर्थ लावला जातो आणि क्षणार्धात उत्तर परत येते. हे झाले कंपनी सांगते ते. प्रत्यक्षात पेटीला पुष्कळदा भास होतो. नावासारखा दुसरा एखादा शब्द, दूरदर्शनवरचा संवाद, बाळाचे बोबडे बोल, यांनीही ती जागी होते आणि कोणी न बोलावता ऐकू लागते. हे ऐकलेले पुढे माणसेही ऐकत होती, ही गोष्ट २०१९ साली वृत्तपत्रांनी बाहेर काढली. ॲमेझॉन, ॲपल आणि गूगल या तिन्ही कंपन्यांसाठी पगारी माणसे हे तुकडे ऐकून यंत्राच्या चुका दुरुस्त करीत होती. त्यांत डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले बोलणे होते, नवराबायकोचे खासगी क्षण होते. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या आणि पालकांनी सांगूनही ते नीट न पुसल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने ॲमेझॉनवर खटला भरला. २०२३ साली कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य करून तो मिटवला. न बोलावता सिरी ऐकते, या तक्रारीवरचा दावा ॲपलने जानेवारी २०२५ मध्ये, दोष मान्य न करता, साडेनऊ कोटी डॉलरांवर मिटवला. अमेरिकेत काही मोजक्या पेट्यांवर आवाज बाहेर न पाठवता घरातल्या घरात प्रक्रिया करण्याची सोय होती, तीही ॲमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून बंद केली.

'आमच्या घरात असे काय गुपित आहे, फादर?' हे वाक्य आम्ही निदान वीस घरांत ऐकले असेल. गुपित म्हणजे गुन्हाच असतो, अशी समजूत कोणी करून दिली कोण जाणे. थोरल्या मुलाची नोकरी गेली आहे, धाकटीचे लग्न मोडले आहे, आजोबांना आता कपड्यांचे भान राहत नाही, कारखान्याच्या पतपेढीचा हप्ता थकला आहे : ही आपल्या घरांतली गुपिते. त्यांत लाजण्यासारखे काही नाही, पण ती शेजाऱ्यालाही सांगायची की नाही हे आपण ठरवतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. संसदेने २०२३ साली त्यासाठी कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खात्रीशीर संमती हवी, असे हा कायदा सांगतो. चांगली गोष्ट आहे. पण ज्या पालकाने पेटीच्या खोक्यावरची अक्षरेही वाचलेली नाहीत आणि फोनच्या पडद्यावर येईल त्या प्रत्येक 'मान्य आहे' वर बोट ठेवले आहे, त्याच्या संमतीला काय अर्थ उरतो?

या विषयावर आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण ऐकणे हा आमचा व्यवसायच आहे. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणाला सांगत नाही. न्यायालयाला नाही, बिशपांना नाही, आणि ज्याने ती सांगितली त्यालाही त्याने विषय काढल्याशिवाय नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने हे बंधन मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करून जन्मभर प्रायश्चित्त घेण्यासाठी कडक शिस्तीच्या मठात पाठवण्याची शिक्षा ठरवली. आठशे वर्षांत ख्रिस्तसभेकडून इतर कितीतरी बाबतींत ढिलाई झाली, या बाबतीत तिने सूट दिली नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला कुलूप असल्याशिवाय सांगणाऱ्याचे तोंड उघडत नाही, हे तिला ठाऊक होते. आणि आता तोच विश्वासू मनुष्य खिशात फोन घेऊन पापनिवेदनाला गुडघे टेकतो! आम्ही आमच्या धर्मग्रामात फोन बाकावर ठेवून यायला सांगतो. काहींना तो आमचा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू द्यावा.

फादर डोरिंग यांनी १९०३ साली मराठी कॅथलिकांसाठी मासिक काढले, तेव्हा त्याला 'निरोप्या' हे नाव दिले. निरोप्या म्हणजे ज्याचा निरोप त्यालाच नेऊन देणारा. वाटेत तो उघडून त्याची नक्कल करून ठेवणाऱ्याला आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत.

आता भाषेकडे येतो, कारण आमच्या मते आपल्या भागात खरी जखम तेथे आहे. खानापूर किंवा माण तालुक्यातली आजी 'वाईच आवाज बारीक कर की गं' म्हणते. हे मराठी शुद्ध नाही असे ज्याला वाटत असेल त्याने माणदेशात जाऊन राहून पाहावे. पेटीला ते कळत नाही. ती एकदा माफी मागते, दुसऱ्यांदा मागते, तिसऱ्यांदा भलतेच गाणे लावते. मग सात वर्षांचा नातू पुढे होतो, इंग्रजीत दोन शब्द उच्चारतो आणि पेटी गप्प होते. घरात हशा पिकतो. आजीही हसते. आमच्या मते त्या हशात एक फार मोठी गोष्ट घडून जाते. ज्या घरात आजी साठ वर्षे बोलत आली आणि तिचे सर्वांना कळत आले, त्या घरात ती प्रथमच मुकी ठरते. नातवाला कळते, की आजीच्या बोलीला दिवासुद्धा पेटत नाही. शाळेने इतक्या वर्षांत जे पुरते साधले नाही, ते ही पेटी एका संध्याकाळी साधते.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून निघून १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी येथील लोकांना इंग्रजी शिकवून मग ख्रिस्त सांगितला नाही. त्यांनी ओवी आत्मसात केली, पुराणाचा घाट आत्मसात केला आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून लोकांच्या कानी घातले. पिढ्यान्‌पिढ्या ते देवळांत वाचले गेले. परका मनुष्य आपल्या घरी येतो आणि आपली भाषा शिकतो, ही झाली मिशनऱ्याची रीत. परकी वस्तू आपल्या घरी येते आणि आपल्याला तिची भाषा शिकायला लावते, ही कशाची रीत म्हणायची?

यावर उत्तर येते, की थांबा, यंत्रेही शिकत आहेत. खरे आहे. ती कशी शिकतात, तेही पाहण्यासारखे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या एका संशोधनात गरीब ग्रामीण माणसे, शहरातली गरीब माणसे आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून मराठीचे १०९ तासांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतले होते. गरिबांनी दिलेला माल विद्यार्थ्यांच्या मालाइतकाच चांगला ठरला, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या लोकांना कामाचा मोबदला मिळाला, म्हणून आम्हांला त्या प्रयोगाबद्दल तक्रार नाही. उलट असे प्रयोग वाढावेत. आम्ही एवढेच ध्यानात आणून देतो, की मराठी माणसाच्या आवाजाला बाजारात भाव आहे. मोलमजुरी करणाऱ्याने तो विकला तर त्याला चार पैसे मिळाले. आम्ही मात्र तो दिवाणखान्यात बसून फुकट देतो, आणि वर पेटीची किंमतही भरतो.

आता तिसरी गोष्ट, हुकमाची. या सहायिकांना बहुधा बाईचा आवाज दिलेला असतो, पुष्कळदा बाईचे नावही. युनेस्कोने २०१९ सालच्या अहवालात यावर बोट ठेवले : सदैव हजर, कधी न रागावणारी, अपमान केला तरी लाडिक उत्तर देणारी बाई घराघरात बसवल्याने स्त्रीविषयीचा जुनाच समज मुलांच्या मनात घट्ट होतो. हे पॅरिसमधल्या विद्वानांचे म्हणणे म्हणून बाजूला ठेवू. आपण आपल्या तालुक्यांतले पाहू.

आपल्या धर्मग्रामांतल्या कित्येक कुटुंबांच्या आज्या-पणज्यांनी वाड्याच्या दाराबाहेर उभे राहून हाक झेललेली आहे. 'ए, इकडं ये.' नाव नाही, मानाचा शब्द नाही, केलेल्या कामाचा उल्लेख नाही. हुकूम आला की धावायचे. याच साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालेल्या बाल भीमरावांना तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई हजर असेल तर पाणी, नसेल तर तहान. पुढे डॉ. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आपले वाडवडील ख्रिस्ताकडे आले ते अनेक कारणांनी आले असतील. पण त्यांना तेथे कोणीतरी नावाने हाक मारली, बाप्तिस्म्याच्या वेळी नाव विचारले, ही गोष्ट लहान नव्हती. त्या माणसांची पणतवंडे आज सोफ्यावर लोळत, मान न वळवता, एका बाईच्या नावाने हुकूम सोडतात : हे लाव, ते बंद कर, पुन्हा सांग, गप्प बस. वाड्यातला धनी गेला, पण त्याचा सूर आपल्या घरात आला, आणि तो आपल्या मुलांच्या तोंडून येतो आहे.

'पण फादर, पलीकडे माणूस नाही, कोणाला लागणार?' बरोबर, पेटीला लागत नाही. आमची काळजी पेटीची नाही, मुलाच्या जिभेची आहे. जिभेला एकदा वळण लागले की पलीकडे कोण आहे हे ती पाहत नाही. कंपन्यांनाही हे कळले असावे, कारण ॲमेझॉनने २०१८ सालीच मुलांच्या पेटीत अशी सोय केली, की मूल 'प्लीज' म्हणाले तर पेटी त्याची पाठ थोपटते. आम्हांला ही सोय मूळ दुखण्याहून वाईट वाटते. जी नाही म्हणू शकत नाही, तिच्याशी अदबीने बोलण्याचा सराव म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीत पोहण्याचा सराव. नाझरेथच्या कन्येला देवदूताने निरोप दिला तेव्हा तिने प्रश्न विचारला, आणि मग होकार दिला. ती नकार देऊ शकत होती, म्हणून तिच्या होकाराचे मोल. घरात आई दमलेली असते, 'थांब, जरा बसू दे' म्हणते, बहीण 'तूच ऊठ' म्हणते. मुलाला याची चीड येते, भांडण होते आणि मग ते उठते. या कटकटीतूनच त्याला कळते, की दुसऱ्यालाही इच्छा असते.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आमच्यावर अन्याय केल्याचा आरोप होऊ शकतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याचे हात पक्षाघाताने गेले आहेत, ज्या वृद्धेला अंथरुणातून उठता येत नाही, त्यांना ही बोलकी यंत्रे हातापायांच्या जागी आहेत आणि ती त्यांच्यापासून काढून घ्यावीत असे म्हणणारा मनुष्य निर्दय म्हणावा लागेल. ज्या शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने शासनाच्या 'किसान ई-मित्र' सेवेला फोनवर मराठीत विचारले की माझा हप्ता कोठे अडकला, तर तलाठी कार्यालयाच्या चार खेपा वाचतात. तेथे माणूस कामापुरता फोन उचलतो, विचारतो आणि ठेवून देतो. विहिरीवर जाऊन पाणी आणणे वेगळे आणि पुराचे पाणी घरात येणे वेगळे. कृष्णाकाठच्या लोकांना हा फरक समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, पुष्कळ वस्त्यांची वीज गेली, फोन निकामी झाले. तेव्हा सांगलीकरांना कामी आली ती शेजारच्या गच्चीवरून मारलेली हाक, आणि त्या हाकेला ओ देऊन होडी घेऊन आलेली माणसे. त्यांतल्या कोणी धर्म विचारला नाही.

असो. आता ज्या गोष्टीने हे लिहायला आम्हांला प्रवृत्त केले, तिच्याकडे वळतो. काही घरांत आता सायंकाळची रोझरी पेटी म्हणते. पेटीला सांगितले, की ती सुरू करते. स्पष्ट उच्चार, एकसारखी लय, एकही नमो मरिया कमी नाही की जास्त नाही. कुटुंब सभोवती बसते, काही जण उत्तर देतात, काही जण देत नाहीत. स्वयंपाकघरातून कढईचा आवाज येत राहतो, आणि पेटी कोणासाठी थांबत नाही. हे सांगताना त्या कुटुंबांच्या चेहऱ्यावर अभिमान असतो, की पाहा फादर, आमच्या घरी रोझरी चुकत नाही!

रोझरी चुकत नाही, पण म्हणणारे चुकले आहेत. पहिले दशक आजोबांनी धरायचे, दुसरे आईने, तिसरे थोरल्या मुलीने, चौथे त्या शेंडेफळाने, जो मधेच बोटे मोजतो आणि अकरावी नमो मरिया म्हणून टाकतो. आजोबा पेंगतात, आई त्यांना कोपराने ढोसते. आजारी मावशीसाठी कोणीतरी एक विनंती जोडते आणि त्यामुळे घराला प्रथमच कळते, की मावशी आजारी आहे. हे सारे प्रार्थनेच्या बाहेरचे नाही. देवाला निर्दोष उच्चार हवे असते, तर त्याने मोशेला बोलावले नसते. त्याची जीभ जड होती असे पवित्र शास्त्रच सांगते. ज्या घरात चौथे दशक धरायला लहान मुलाची गरज उरत नाही, त्या घरात त्या मुलाची प्रार्थनेतली जागाच नाहीशी होते. ते फक्त ऐकणारे होते. आणि जे नुसते ऐकत राहते, ते दहावीनंतर उठून जाते, हा आमचा या दोन जिल्ह्यांतला अनुभव आहे.

हा रस्ता पुढे कोठे जातो, तेही दिसू लागले आहे. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न शहरात २०२४ साली एका चॅपेलमधल्या पापनिवेदनाच्या कक्षात संगणकाने घडवलेला 'येशू' बसवला होता. तो शंभर भाषांत लोकांशी बोले. प्रयोग म्हणून, काही आठवडे. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा संगणकी धर्मगुरू लोकांपुढे आणला. आपण खरे धर्मगुरू आहोत असे तो सांगू लागला, पापक्षमाही देऊ लागला. दोनच दिवसांत संस्थेला त्याचा झगा उतरवून त्याला प्रापंचिक करावे लागले. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हसून झाल्यावर विचार करण्यासारखीही आहे. यंत्राला माणूस म्हणून पुढे करू नये, असे व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मधील 'अँतिक्वा एत नोव्हा' या टिपणात निःसंदिग्धपणे सांगितले, आणि मुलांच्या संदर्भात विशेष काळजीने सांगितले. पोप लिओ चौदावे यांनी २०२६ च्या जागतिक संपर्क दिनासाठी विषयच निवडला तो मानवी आवाज आणि चेहरे जपण्याचा. ज्यांना हे एका खेडवळ धर्मगुरूचे खूळ वाटते, त्यांनी रोमकडे पाहावे.

किंवा रोमपर्यंत कशाला, कडेगाव तालुक्यात जावे. मोहित्यांचे वडगाव या सांगली जिल्ह्यातल्या गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव केला, की रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि त्यानंतर दीड तास गावातले दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, वाचावे. त्यांना कोणी धर्माज्ञा दिली नव्हती, कोणत्या कायद्याची सक्ती नव्हती. टाळेबंदीत मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना, हे त्यांनी पाहिले आणि गावकीच्या रीतीने उपाय शोधला. या वृत्ताचा देशभर गवगवा झाला. आम्हांला मात्र ते वाचून शरम वाटली, कारण दिवेलागणीला घंटा वाजवून सगळ्या वस्तीचे काम थांबवणे ही तर आपली, कॅथलिकांची जुनी रीत! आंजलूसची घंटा वाजली की शेतातला मनुष्य टोपी काढून उभा राहत असे. आपल्यापैकी किती देवळांत ती अजून वाजते, आणि वाजली तर किती घरांत कोणी उठून उभे राहते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आवाजाचा सदुपयोगही याच भूमीत पाहायला मिळतो. म्हसवडला माणदेशी संस्थेचे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. तेथे माणदेशी बाया माणदेशी बोलीतच बोलतात, ओव्या म्हणतात, चाऱ्यापाण्याचे सांगतात. ऐकणारीला ठाऊक असते, की ही बोलणारी अमक्या वस्तीवरची. बाजारात भेटली तर तिला थांबवून 'तू परवा चुकीचं सांगितलंस' म्हणता येते. पेटीला असे बाजारात गाठता येत नाही.

बालक शमुवेलाची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहे. रात्री त्याला कोणीतरी हाक मारली. तो धावत वृद्ध एलीकडे गेला. मी बोलावले नाही, जा झोप, असे एली म्हणाला. असे तीनदा झाले, आणि तिसऱ्या वेळी त्या अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्याला उमगले, की ही हाक कोणाची आहे. कोणता आवाज कोणाचा, हे लहान मुलाला स्वतःचे स्वतः कळत नाही. त्यासाठी घरात एक म्हातारा लागतो, ज्याच्याकडे अपरात्री धावत जाता येते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीने अलेक्साला काहीतरी आव्हान दे म्हणून सांगितले. पेटीने आंतरजालावरून उचलून तिला सांगितले, की चार्जर भिंतीत अर्धवट खुपस आणि उघड्या राहिलेल्या पितळी टोकांना नाणे लाव. आई शेजारीच होती, ती ओरडली, म्हणून अनर्थ टळला. कंपनीने नंतर चूक दुरुस्त केली. ज्या दुपारी आई शेजारी नसते, त्या दुपारचे काय, हे कंपनी सांगू शकत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागेल.

म्हणून आमची मागणी अशी आहे, आणि ती आम्ही येत्या उपवासकाळापासून घराच्या आशीर्वादाला येताना प्रत्येक उंबऱ्यावर करणार आहोत. पेटी असेल तर ती मुलांच्या आणि झोपण्याच्या खोलीत नसावी. सायंकाळी सात ते साडेआठ तिची वायर भिंतीतून काढून ठेवावी. नुसते बटण दाबून भागवू नये, वायरच काढावी, म्हणजे मुलांना ती निघालेली दिसेल. रोझरी माणसांनी म्हणावी, चुकली तरी चालेल, अर्धीच झाली तरी चालेल. फोनमध्ये आणि पेटीत आजवर साठलेले आपले आवाज पुसून टाकण्याची सोय कंपन्यांना द्यावी लागली आहे, ती वापरावी. ज्यांना ते जमत नाही त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात थांबावे. युवक मंडळाची मुले प्रत्येकाचा फोन घेऊन ते करून देतील. येताना आजीलाही घेऊन यावे, कारण पहिल्याच रविवारी तिच्याकडून मुलांना एक दशक म्हणवून घ्यायचे आहे, आणि ते तिच्या बोलीत.